खडूचा तुकडा

मे महिन्याच्या अखेरीस म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेले होते. पुरुमेताची खरेदी. मिरच्या, सोलां, खारे बांगडे असे सगळे पिशव्यांत भरून झाल्यावर सुनेने दिलेली चिठ्ठी आठवली. नात यंदा केजीत जाणार, म्हणून तिच्या शाळेने सामानाची यादी पाठवली होती. बारा एचबी पेन्सिली, सहा खोडरबर, दोन चाररेघी वह्या आणि चोवीस रंगांची स्केचपेनची पेटी. नात चार वर्षांची. यादीखाली सुनेने स्वतः लिहिले होते, ‘बाबसाठीही काहीतरी बघा.’ बाब म्हणजे नातीचा धाकटा भाऊ, वय वर्षे दीड. सध्या त्याला जगातली प्रत्येक वस्तू एकदा चाखून पाहायची असते.

दुकानदाराने समोर एक पेटी उघडून ठेवली. लग्नाच्या अल्बमएवढी, आत तीन मजले. स्केचपेन, मेणखडू, तेलखडू, जलरंगाच्या टिकल्या, रंगीत पेन्सिली, शिवाय पट्टी आणि शार्पनर. “दोनशे आठ पीस आहेत बाई. दोघांनाही होईल.”

मी सदतीस वर्षे मराठी प्राथमिक शाळेत नोकरी केली, त्यातली बरीचशी पहिलीच्या वर्गावर. किती मुलांच्या हातात पहिली पेन्सिल मी दिली असेल याचा हिशोब नाही. आणि त्या पेटीसमोर उभी राहून मला कळेना, की यातले चार वर्षांच्या मुलीला काय द्यावे आणि दीड वर्षाच्या मुलाला काय. खरे सांगायचे तर हा प्रश्न मला नोकरीत कधी पडलाच नव्हता. वरून जे आले ते वाटले, आणि कसे धरायचे ते सांगितले. यादी पर्समध्ये तशीच ठेवली आणि बांगडे घेऊन घरी आले.

माझा जन्म मुक्तीच्या तीन वर्षे आधीचा. मी शाळेत जाऊ लागले तेव्हा भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले होते आणि गावोगाव मराठी शाळा उघडत होत्या. आमची शाळा देवळाच्या अग्रशाळेत भरायची. आजोबा त्याच्याही आधीचे. ते शेणवीमामाच्या हाताखाली धूळपाटीवर अक्षरे गिरवून शिकले, मग पोर्तुगीज शाळेत गेले. पेन्सिलीला ते मरेपर्यंत ‘लापिस’च म्हणत. त्या धूळपाटीचे मला आता फार कौतुक वाटते. फळीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने लिहायचे. टोक मोडत नाही, दाबावे लागत नाही, आणि चुकले की तळहात फिरवला की झाले. लिहायला आणि पुसायला एकच हात.

आमच्या हाती आली ती लाकडी चौकटीची दगडी पाटी. ती कोळसा आणि पानांचा रस लावून काळी करायची, फडके ओले करून पुसायची (फडके हरवले असेल तर काय करायचे ते वाचकांना सांगायला नको), दसऱ्याला तिच्यावर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची. पाटी जरा खरखरीत असते, त्यामुळे रेघ ओढताना ती हाताला कळते. डोळ्यांआधी बोटांना कळते म्हणा ना. कागदावर पेन्सिल घसरते, पाटीवर ती चालते. लहान हाताला हा अडसर बरा असतो, हे मला निवृत्त झाल्यावर समजले.

आणि ती पाटीवरची पेन्सिल! आम्ही तिने लिहायचो कमी आणि खायचो जास्त. पावसाचे पहिले थेंब पडल्यावर मातीला जो वास येतो, त्याची चव. आई मारायची, बाई ओरडायच्या, पण कोणाला वाटायचे नाही की पोर पेन्सिल का खाते ते बघावे. अंगात लोह कमी असलेल्या मुलांना आणि गरोदर बायकांना अशी माती, खडू, पेन्सिल खायची ओढ लागते, हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. माझ्या वर्गातल्या पेन्सिल खाणाऱ्या मुलींना मी उभे करायचे. खरे तर त्यांना आरोग्य केंद्रात न्यायला हवे होते.

या पेन्सिलीची दुसरी बाजू मला इंदूरच्या मावसबहिणीकडून कळली. तिच्याकडे दिवाळीला गेले असताना मी पाटी-पेन्सिलीच्या आठवणी काढून हळवी झाले होते. ती म्हणाली, “अगं, ती पेन्सिल आमच्या मंदसौरची.” आमच्या दुकानात यायची ती खरेच तिथलीच होती का, देव जाणे. पण मंदसौर या धंद्याचे मोठे गाव. तिथे दगड यंत्रावर कापून या पेन्सिली करतात. कापताना उडणारी बारीक धूळ कामगारांच्या फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. ऐन तिशी-चाळिशीत माणसे गेली. शेवटी १९८२ साली मध्य प्रदेश सरकारला स्लेट पेन्सिल कामगारांच्या कल्याणासाठी वेगळा कायदा करावा लागला. त्याच १९८२ मध्ये मी माझ्या वर्गात पेन्सिलींचे पुडे फोडून वाटत होते. असो. पण तेव्हापासून ‘आमच्या वेळी सगळे नैसर्गिक होते’ असे कोणी म्हणाले की मी गप्प बसते.

तर बाजारातून आल्यावर त्या संध्याकाळी मी एक गोष्ट केली, जी सदतीस वर्षांत केली नव्हती. नातीला, आमच्या बायला, समोर बसवले, हातात काही ना काही दिले आणि नुसती बघत राहिले. काही बोलायचे नाही असे स्वतःला बजावले. आम्हा शिक्षकांना ते किती कठीण जाते ते आमच्या घरच्यांना विचारा.

आधी एचबी पेन्सिल दिली. बायने ती मुठीत धरली, मग काहीतरी आठवून बोटांत घेतली, अंगठा सगळ्या बोटांवरून गुंडाळला आणि रेघ ओढली. रेघ फिकट आली. तिने दाबले. तरी फिकट. आणखी दाबले तेव्हा खांदा वर गेला, जीभ बाहेर आली आणि टोक मोडले. दोन मिनिटांत तिने पेन्सिल ठेवली आणि म्हणाली, “हात दुखता.” मग नेहमीच्या लांब मेणखड्यांची पेटी दिली. ते स्वस्तातले, मेण फार आणि रंग कमी. पुन्हा तेच, दाबणे आणि कंटाळणे. शेवटी माझ्या शाळेच्या जुन्या डब्यात फळ्यावरच्या खडूचे तुकडे होते, त्यातला बोटाच्या पेराएवढा एक दिला आणि पाटी पुढे सरकवली. आणि काय सांगू! तुकडा एवढासा, मुठीत धरायला जागाच नाही. तिने तो आपोआप अंगठा आणि दोन बोटे यांत धरला. ज्या पकडीसाठी मी पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या बोटांना चिमटे काढले, ती पकड न सांगता आली. अर्धा तास ती पाटीवर काढत आणि पुसत होती.

“हें कितें गो?” मी विचारले.

“पावस.”

सगळी पाटी उभ्या रेघांनी भरली होती. पाऊस यायला अजून दहा-बारा दिवस होते.

मला आठवले, वर्गात आम्ही अख्खे खडू हुशार मुलांना द्यायचो आणि तुकडे मागच्या मुलांकडे जायचे.

नंतर वाचू लागले तेव्हा कळले, की मुलांच्या हातांवर काम करणारे उपचारतज्ज्ञ मुद्दाम खडू मोडून देतात. मुलाची पकड आपल्या क्रमाने बदलत जाते. वर्ष-दीड वर्षाचे मूल मुठीत धरते आणि रेघ खांद्यातून येते. दोन-तीन वर्षांचे बोटे खाली करून धरते. साडेतीन-चारच्या सुमारास तीन बोटे जुळू लागतात, पण हलते ते मनगट. नुसती बोटे हलवून बारीक वळणे काढायला पाच-सहा वर्षे लागतात. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेचीच असतात आणि एकेक करून घट्ट होत जातात. शेवटचे व्हायला प्राथमिक शाळेची वर्षे सरत येतात. अशा हाताला चाररेघी वही देऊन अक्षर रेषेला टेकवायला लावायचे, म्हणजे होडी यायच्या आत वल्ही मारायला बसवण्यासारखे. २०२०च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि पहिलीचे वय सहा ठेवले आहे. ते कागदावर. यादीत मात्र बारा एचबी पेन्सिली.

आमच्या प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ शिकवल्या होत्या, हे इथे कबूल केले पाहिजे. बोर्डीला १९४५ मध्ये सुरू झालेले आणि पुढे कोसबाडला गेलेले त्यांचे काम. शिंपले, गोटे, पाने, बिया हीच त्यांच्या बालवाडीची साधने. परीक्षेत त्यावर मी पुरवणी जोडून उत्तर लिहिले होते. आमच्या शाळेला लागून काजूची बाग होती. तिथल्या बिया वेचून वर्गात आणाव्यात हे मात्र कधी सुचले नाही. गंमत अशी की माझ्या नोकरीच्या सुरुवातीची मुले काही न शिकताच त्या बिया वेचून, चिंचा सोलून आणि फुले ओवून आलेली असत. त्यांची बोटे तयार असत. केजीतून थेट येऊ लागलेल्या मुलांना एबीसी येई आणि बटण लावता येत नसे.

आता खरेदी. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा गेले, या वेळी पर्समध्ये पाठकोरा कागद घेऊन. दुकानदाराला म्हटले, उघडून दाखवा. तो जरा नाराज झाला. मी प्रत्येक खडू कागदावर हलकेच, जवळजवळ न दाबता ओढून पाहिला. रंग भरघोस आला तर घ्यायचा, दाबावे लागले तर परत. लहान मुलाच्या हातात जोर नसतो, तेव्हा जोर खडूत असला पाहिजे. या परीक्षेत महागडी एक पेटी नापास झाली आणि साधी एक पास. जाड, तीनधारी मेणखडू घेतले, आठच रंगांचे. तीनधारी असले की बोटे आपोआप बसतात, आणि टेबलावरून घरंगळून खाटेखाली जात नाहीत. हा दुसरा फायदा वाकून शोधणाऱ्या आजीचा. आठ रंग फार झाले. चोवीस दिले तर पोर रंगवत नाही, रंग निवडत बसते आणि टोपणे लावत बसते.

टोपणांवरून आठवले. स्केचपेनच्या टोपणाला वर बारीक भोक असते, ते मी इतकी वर्षे शाई सुकू नये म्हणून आहे समजत होते. उलटे आहे. टोपण मुलाच्या घशात अडकले तर त्या भोकातून श्वास चालू राहावा, म्हणून ते ठेवलेले असते. भोक नसलेल्या टोपणांची पेटी घेऊ नये. बाकी जाड टोकाची, पाण्याने धुतली जाणारी स्केचपेन तशी वाईट नाहीत, कारण ती स्पर्शाने उमटतात. बायला चार घेतली. यादीतली चोवीसची पेटी घेतली नाही, आणि शाळेत त्यावरून सुनेला बोलणी खावी लागली. तिने ती मला पोचवली नाहीत, हे तिचे मोठेपण.

पाकिटावर ‘बिनविषारी’ छापलेले असते. ते कंपनीचे शब्द. त्याखाली कोणते मानक पाळले ते लिहिले आहे का ते पाहावे. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, आणि त्या मानकाचा एक भाग बोटांनी रंगवायच्या रंगांसाठीच आहे. बाहेरच्या मालावर ‘ईएन ७१’ असे असते. जत्रेतल्या फेरीवर पन्नास रुपयांत मिळणाऱ्या चकचकीत पेट्यांवर यातले काहीच नसते. शेजारीण मला विचारत होती, की पेन्सिलीतले शिसे पोटात गेले तर काय. पेन्सिलीत शिसे नसतेच. ग्रॅफाइट आणि माती असते, नाव उगाच बदनाम झाले. जपायचे ते बाहेरच्या रंगाला, कारण मूल चघळते ती पेन्सिलीची दुसरी बाजू.

बाबचे प्रकरण वेगळे. बायला जो तुकडा चांगला, तोच बाबला धोक्याचा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात काय जाऊ शकते ते तपासायला कारखान्यात सव्वा इंच व्यासाची एक नळी असते. तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती या वयाला नको. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी साधारण त्याच मापाची. माझ्याकडे एक होती, कुंकवासाठी ठेवलेली. खडूचे तुकडे तिच्यात एकामागून एक टपाटप पडले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण दोन्ही मुले एकाच ओट्यावर बसतात. आता बायचे तुकडे वरच्या फळीवर डब्यात, आणि ती टेबलाशी बसली की मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे. अगदी शाळेसारखे. बाबला मुठीएवढे, अंड्याच्या आकाराचे मेणखडू आणले. त्यातल्या पिवळ्याला त्याने दातांची नक्षी काढली आहे.

पण बाबचे सर्वांत आवडते साधन फुकटचे. भिंत रंगवायचा जुना दोन इंची ब्रश आणि तांब्याभर पाणी. पाऊस नसेल त्या सकाळी तो अंगणातला चिऱ्यांचा गडगा ‘रंगवतो’. ओला चिरा गडद लाल होतो, उन्हाने पुन्हा फिका होतो, मग पुन्हा रंगवायचा. उभ्या भिंतीवर काम करताना मनगट योग्य कोनात उचलले जाते आणि खांदा बळकट होतो, हे सगळे खरे. त्याला त्याचे काय! तांब्या मात्र हाताशी उभे राहूनच द्यायचा, आणि काम झाले की उपडा करायचा.

रंग हवेत तर स्वयंपाकघरात जावे. हळद पाण्यात कालवून जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर बोटांनी फासायची, वाळली की त्यावर ओल्या साबणाचे बोट फिरवायचे. पिवळ्याचे लाल होते. बाय किंचाळलीच. आमची पणजी हळदीला चुना लावून कुंकू करायची, ती हीच जादू. चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नये, डोळ्यात गेला तर वाईट. भेंडी कापून ठसे उमटवावेत. आगळाचा जांभळट लाल फार सुंदर, पण कपड्यांवरून जात नाही, तेव्हा तो फक्त उघड्या अंगाच्या मुलांसाठी. रांगोळीची पूड मी या यादीतून काढली. दगडाची बारीक भुकटी, फुंकर मारली की नाकाडोळ्यांत. मंदसौर ऐकल्यापासून ती मुलांच्या नाकाशी नको वाटते. आणि आपल्या पावसाळ्यासाठी एक सूचना. पोस्टर कलरची बाटली जुलैत एकदा उघडली की ऑगस्टात तिच्यात बुरशी असते. तो वास घेतला तर सांगायला नको. थोडेच घ्यावे, लागेल तेवढेच वाटीत काढावे, बोट बाटलीत बुडवू देऊ नये. कागद नरम पडतो, खडू दमट होतो, मेणखडूला मात्र पावसाचे काही वाटत नाही. आमच्या हवेला तोच मानवतो.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला बसले ते.

बाय डावखुरी आहे. तीन-साडेतीन वर्षांपर्यंत कळत नव्हते, ती दोन्ही हात वापरायची. या वयात खडू मुलाच्या हातात द्यायचा नसतो, समोर बरोबर मध्ये ठेवायचा आणि कोणता हात पुढे येतो ते बघायचे. मी मध्ये ठेवत गेले आणि दर वेळी डावा हात आला.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. साल १९८९ असेल. पाटी घेऊन कोपऱ्यात बसायचा आणि चित्रे काढायचा. बैल, बोट, देवळाची दीपमाळ. दीपमाळेची प्रत्येक पणती वेगळी. डाव्या हाताने. डाव्या हाताने सरस्वती काढायची नाही, असे मी त्याला सांगितले. मग डाव्या हाताने काहीच नाही. पट्टी फार जोरात मारली नसेल, पण रोज मारली. त्याचे वडील मला भेटून म्हणाले, बाई, तुम्ही सुधारलात त्याला. वर्षअखेर तो उजव्या हाताने लिहू लागला. अक्षर चांगले आले, मी इतरांना दाखवायचे. चित्रे काढणे त्याने सोडले. तेव्हा मला ते लक्षातही आले नाही. निरीक्षकांनी शेरा चांगला दिला होता.

यंदा चवथीच्या आधी आठ-दहा दिवस घरात एक प्रसंग झाला. दुबईच्या मामाने बायला लिहायची एक इलेक्ट्रिक पाटी पाठवली होती, काळ्या काचेवर हिरवी रेघ उमटणारी. कागद नको, खडू नको, धूळ नको, बटण दाबले की साफ. मलाही ती आवडली होती. त्या दुपारी पाहिले तर पाटीमागचे झाकण निघालेले, स्क्रू बेपत्ता आणि आतली गोल चपटी बॅटरी नाही. आणि बाब जमिनीवर बसून काहीतरी चघळत होता. मी त्याच्या तोंडात बोट घातले. उंड्याचा तुकडा निघाला. पण म्हणजे बॅटरी गिळली नाही असे थोडेच! असली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोनेक तासांत आतून भाजायला लागते, घरगुती उपाय नसतो, थेट इस्पितळ गाठायचे असते. सून गाडीची किल्ली शोधत होती, मी बाबला उचलून दारात, आणि सोप्यात पंख्याचे काम करायला आलेला इलेक्ट्रिशियन शिडीवरून म्हणाला, “बाई, थंय, पायपुसण्याकडेन.” वरून त्याला ती चकाकताना दिसली होती. मी दारातच बसले.

त्याने खाली उतरून आपल्या डब्यातला एक बारीक स्क्रू काढला आणि झाकण घट्ट बसवून दिले. डाव्या हाताने. तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिले. तो मला आल्या आल्या ‘बाई’ म्हणाला होता, पण मला सगळेच बाई म्हणतात.

बाय शेजारी पाटीवर काढत होती. तो बघत उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “बाई, तिका आडायनाकात.”

“ना रे,” मी म्हटले. आणखी काही म्हणायचे होते. माफ कर म्हणायचे होते, पण माझ्या तोंडून आले ते, “चहा घेतलो मरे तू?”

चहा घेऊन त्याने बिल लिहिले, उजव्या हाताने, मीच शिकवलेल्या वळणदार अक्षरात. बायने तोवर त्याच्या ढोपरावर थाप मारून आपला खडूचा तुकडा पुढे केला. “अंकल, पंखो काड.” “म्हाका येना गो,” तो म्हणाला. ती तुकडा धरून तशीच उभी. त्याने घेतला, या बोटातून त्या बोटात फिरवला, उकिडवा बसला आणि फरशीवर डाव्या हाताने एक गोल काढला, त्यात तीन पाती. बायने मान वाकडी करून पाहिले आणि सांगितले की हे फूल आहे. तो हसला, हत्यारे गोळा केली आणि गेला. त्याला अजून दोन घरी दिव्यांच्या माळा लावायच्या होत्या.

त्या जागी मी दोन दिवस फडके फिरवले नाही. तिसऱ्या दिवशी बाबने ते फूल चाटून टाकले.